‘बारानंतर काही नाही’ आणि सकाळची गोळी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर बजावून जातात, ‘बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही.’ खाटेला ‘एनबीएम’ची पाटी लागते. आणि आपली माणसं ते निर्जळी एकादशीसारखं पाळतात, रोजची गोळीसुद्धा घेत नाहीत! हा नियम आला कुठून, ते शोधत गेलो.

जानेवारी 1848, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळचं विनलेटन. हॅना ग्रीनर, वय 15. पायाच्या बोटाचं नख काढायला क्लोरोफॉर्म दिला आणि काही मिनिटांत पोरगी गेली. शुद्धीवर आणायला तोंडात पाणी, ब्रँडी घातली होती. क्लोरोफॉर्म प्रचारात आणणारे सिम्पसन म्हणाले, औषधाने नव्हे, त्या पाण्या-ब्रँडीने जीव गेला. वाद मिटला नाही, पण बेशुद्ध माणसाच्या घशाची धास्ती बसली.

तरी 1883 मध्ये लिस्टर लिहितात की पोटात घट्ट अन्न नको, पण दोनेक तास आधी कपभर चहा दिलेला बरा. किती शहाणपणाचं!

मग 1946. न्यूयॉर्कच्या मेंडेलसनने 44,016 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. भुलीत पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या 66 केसेस सापडल्या. दोघी दगावल्या, दोघीही घट्ट अन्नाने गुदमरून. पण पुढच्या काळात घट्ट काय, पातळ काय, सगळं एकाच पाटीखाली आलं. बारा वाजता दार बंद. सोपं पडतं ना वॉर्डाला!

1986 मध्ये कॅनडात माल्टबी यांनी काही पेशंटना ऑपरेशनच्या अडीचेक तास आधी 150 मिली पाणी पाजलं. पूर्ण उपाशी ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्या पोटात जास्त काही सापडलं नाही. 1999 च्या अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या नियमावलीत नुसतं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं 6 तास. पाटी मात्र अजून बाराचीच.

यात भरडते ती गोळी. आमच्या शेजारच्या काकूंनी पाटी बघून बीपीची गोळी घेतली नाही, कुणी दिलीही नाही. टेबलावर बीपी इतकं चढलं की ऑपरेशन पुढे ढकललं. वर अकरा तासांचा उपास फुकट. फिट्सची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. बीटा ब्लॉकर एकदम तोडलं तर हृदयाला धोका. अशा गोळ्या बहुतेक वेळा त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायच्याच असतात.

सरसकट नाही हां. साखरेच्या गोळ्या बहुधा त्या सकाळी देत नाहीत, बीपीच्याही काही थांबवतात, रक्त पातळ करणाऱ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरच सांगणार. आतड्याचं ऑपरेशन असेल, पोट रिकामं व्हायला वेळ लागत असेल तर हिशेब वेगळा. म्हणून मनाने काही करू नका.

भूलतज्ज्ञांच्या तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. एकेक दाखवून विचारा, ‘डॉक्टर, ही त्या सकाळी घ्यायची का? किती वाजता? किती पाण्याबरोबर?’ उत्तर फाइलवर लिहून घ्या, आणि रात्रीच्या सिस्टरना ते पान दाखवा.