बर्फाखालचे जाळे

बर्फ म्हटले की आपल्याकडच्या मुलांना गोळेवाल्याची गाडी आठवते. त्याच बर्फावरून माणसे घोडे हाकतात आणि त्याच्या पोटातून जाळी भरभरून मासे काढतात, असे वर्गात सांगितले की मुले माझ्याकडे संशयाने पाहू लागतात. "गुरुजी, मग मासे गोठत नाहीत?" हा प्रश्न ठरलेलाच! पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि गोठते. त्या झाकणाखाली मासे सुखरूप असतात. निसर्गाने ताट वाढून ठेवलेले असते. परंतु वाढलेले ताटही घेता यावे लागते. ते न आल्यामुळे काय झाले, त्याची ही हकीकत आहे.

कॅनडात विनिपेग नावाचे सरोवर आहे. सरोवर कसले, गोड्या पाण्याचा समुद्रच! लांबी ४०० किलोमीटरांहून अधिक, क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर. खोली मात्र सरासरी अवघी १२ मीटर. त्याच्या पश्चिम काठावर २१ ऑक्टोबर १८७५ रोजी आइसलंडहून देशांतर केलेली सुमारे २५० माणसे उतरली. ज्वालामुखी, थंडी आणि दारिद्र्य यांनी गांजलेले हे लोक. वसाहतीला त्यांनी नाव दिले 'गिमली'. जगाचा प्रलय झाल्यावर वाचलेले सज्जन जिथे सुखाने राहतील, ते त्यांच्या पुराणातले स्थान!

ही माणसे दर्यावर्दी. उघड्या समुद्रात, वादळात होड्या घालणारी. पण त्यांच्या मायदेशाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्याला समुद्राचा उबदार प्रवाह लागतो. तिथला समुद्र हिवाळ्यातही मोकळा असतो. इथे पाहता पाहता सरोवराचे दार बंद झाले. बरोबर आणलेल्या जाळ्यांची आसे मोठी. इथले मासे त्यांतून निसटून जात. आणि बर्फाखाली जाळे पसरावे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उपासमार झाली, ताज्या अन्नावाचून रक्तपिती झाली, माणसे दगावली. पायाखाली मासे पोहत होते आणि वर कोळी उपाशी होते.

ही विद्या होती ती तिथल्या मूळ रहिवाशांकडे, क्री आणि सोल्टो लोकांकडे. बर्फाला ओळीने भोके पाडायची. पहिल्या भोकातून दोरी बांधलेला लांब बांबूसारखा वासा आत सोडायचा आणि भोकाभोकातून पुढे ढकलत शेवटच्या भोकापर्यंत न्यायचा. वासा बाहेर आला की दोरी हाती लागते. मग त्या दोरीने जाळे आत ओढून घ्यायचे. ऐकायला सोपे वाटते. पण शून्याखाली ३० अंशांच्या थंडीत ओल्या दोरीशी झुंजणाऱ्या बोटांना विचारावे!

त्याहून अवघड विद्या बर्फ ओळखण्याची. काळसर, काचेसारखा नितळ बर्फ भक्कम. हिम मिसळलेला पांढरा बर्फ दुबळा. वर भुसभुशीत हिमाची गोधडी पडली की खालचा बर्फ लवकर जाड होत नाही. नदीच्या मुखाशी आणि प्रवाहावर तो दगा देतो. नितळ बर्फ चार बोटे जाड असला तर माणूस पेलतो. गाड्या न्यायच्या तर हातभर तरी हवा. हे धडे नवागतांनी शेजाऱ्यांकडून घेतले, काही ठेचा खाऊन घेतले.

पुढे ते या धंद्यात असे तरबेज झाले की विनिपेगची हिवाळी मासेमारी म्हणजे आइसलंडकरांची, असे समीकरणच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या प्रदेशात एक गमतीचे अवजार निघाले. एक लांब फळी बर्फाखाली तरंगत ठेवायची. दोरी ओढली की तिचा लोखंडी हात बर्फाच्या तळाला रेटा देतो आणि फळी सरपटत पुढे जाते. वरचा गडी ठकठक ऐकत तिच्या मागोमाग चालतो. मधली भोके पाडण्याचे कष्ट वाचले!

पण हिशेबाची दुसरी बाजू राहिलीच. वसाहतीला दिलेला किनारा ओसाड नव्हता. सँडी बार येथे सोल्टोंची वस्ती होती. त्यांच्यातला जॉन रॅम्से याने पाहुण्यांनी आपल्या जागी घरे बांधण्याला प्रथम हरकत घेतली. पण नंतर त्यानेच शिकार आणून त्यांना जगवले. १८७६ च्या शरद ऋतूत देवीची साथ आली. शंभरावर आइसलंडकर गेले. सोल्टोंची वस्ती तर जवळजवळ नामशेष झाली. रॅम्सेची बायको बेट्सी त्यातच गेली. त्याने दुरून संगमरवरी शिळा आणून तिच्या थडग्यावर उभी केली.

आम्ही मुलांना शिकवतो की अमक्या साली अमक्यांनी वसाहत स्थापिली. ती जगली कोणाच्या जिवावर, हे पाठ्यपुस्तकात मावत नाही. परंतु लोकांच्या मनात ते कुठेतरी टोचत राहत असावे. तिकडे सांगतात की, पुढे बऱ्याच वर्षांनी रॅम्से एका आइसलंडी सुताराच्या स्वप्नात आला आणि बायकोच्या थडग्याचे मोडलेले कुंपण नीट करून देण्याची त्याने विनंती केली. सुताराने ते करून दिले. स्वप्नाची शहानिशा मी कशाला करू? ज्याचे ऋण होते, त्याने एकदा तरी दारात येऊन हाक मारली आणि ती कोणाला तरी ऐकू आली, एवढे मला पुरे आहे.