कर्नाळ्याचा नाका

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे 12 किलोमीटर गेल्यावर दाट अरण्याच्या माथ्यावर काळ्या कातळाचा जो सुळका दृष्टीस पडतो, तो पाहून निसर्गाने हा दुर्ग केवळ शत्रूच्या दुर्दशेसाठीच रचला असावा, असे प्रवाशास वाटल्यावाचून राहत नाही. परंतु कर्नाळ्याचे खरे मोल पूर्वापार त्याच्या पायथ्याच्या रहदारीत सामावलेले होते. घाटमाथ्यावरचा माल बोरघाटाने उतरून पनवेलच्या बंदरात येई, आणि तेथून दक्षिणेस आपटे-पेणकडे जाणारी वाट याच डोंगराच्या कुशीतून निघे. ज्याच्या ताब्यात कर्नाळा, त्याच्या नजरेखाली ही वाट. जकातीवर जगणाऱ्या राज्यांना याहून अधिक आकर्षण नको होते.

म्हणूनच या लहानशा गडाने इतके धनी पाहिले. 1540 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने तो गुजरातच्या सुलतानाकडून जिंकून घेतला, तेव्हा गुजरातच्या किल्लेदाराने वसईच्या पोर्तुगीजांकडे धाव घेतली आणि दों फ्रान्सिस्को द मेनेझिश याच्या फौजेने तो परत मिळवून दिला. पुढे सुलतानास किल्ला राखणे जड जाऊ लागले, म्हणून सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही गड त्याने पोर्तुगीजांच्याच पदरात टाकले. पण शिबंदीचा खर्च उत्पन्नाहून जास्त आहे असा हिशेब करून पोर्तुगीजांच्या व्हाइसरॉयने सालिना 5,000 सोन्याचे परदाव घेण्याच्या कराराने ते पुन्हा निजामशहासच देऊन टाकले. इतक्या रक्तपातानंतर किल्ल्याचा निकाल शेवटी एखाद्या कारकुनाने लावावा, यातील विनोद त्या काळच्या दप्तरास अर्थातच उमगला नसेल. शिवाजीमहाराजांनी 1657 मध्ये घेतलेला कर्नाळा 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांस द्यावा लागला, आणि 1670 मध्ये मातीचे धमधमे रचीत पुढे सरकणाऱ्या मावळ्यांनी तो परत घेतला. पेशवाईच्या अखेरीस येथील किल्लेदारी शिरढोणच्या अनंतराव फडक्यांकडे होती. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत हे त्यांचेच नातू. 1818 मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला जिंकला, आणि गडावरचा जाबता तेथेच संपला.

शिबंदी उतरली, आणि रान वर चढले. सुळक्याच्या पायाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आजही आहेत, पण धान्याच्या पोत्यांऐवजी वरच्या कड्याला आग्या माश्यांची काळी मोहोळे लटकतात, आणि त्यांना डिवचणाऱ्यास कोणत्याही किल्लेदाराहून कठोर शिक्षा मिळते. खालच्या उतारांवर साग, ऐन, किंजळ, कळंब, उंबर, पांगारा यांची दाटी झाली. हे अरण्य मात्र आपोआप राखले गेले, असे समजू नये. इंग्रजी अंमलात जंगलाचा कायदा आला, सरपणाची मोळी हाही गुन्हा ठरू लागला, आणि याच पंचक्रोशीतील चिरनेर येथे 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रह करणाऱ्या शेतकरी-आदिवासींवर गोळीबार होऊन सत्याग्रहींबरोबर पनवेलच्या मामलेदारासही प्राण गमवावे लागले. अभयारण्याच्या गौरवपर लेखांत हा प्रसंग सहसा येत नाही. तो यावयास हवा.

1968 मध्ये येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. आरंभी सुमारे साडेचार चौरस किलोमीटरांचे ते क्षेत्र 2003 मध्ये 12 चौरस किलोमीटरांच्या वर गेले. पक्षिप्रेमी येथे पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या, तर एरवी स्वर्गीय नर्तकाच्या शोधात येतात. सामान्य प्रवाशाची गाठ मात्र प्रथम माकडांशीच पडते.

ही माकडे आणि वानर यांची गल्लत करू नये. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर मुख्यतः झाडपाल्यावर निर्वाह करते आणि येथे सहसा माणसापासून अंतर राखते. माकड मात्र धूर्त. माथ्यावरच्या केसांचा टोपीसारखा भोवरा, भांबावल्यासारखी मुद्रा, आणि दोन्ही गालांत खाद्य साठविण्याच्या पिशव्या. शेंगदाण्यांची पुडी हाती लागली की ते सारे दाणे न चावताच गालांत कोंबते, चेहरा फुगून दुप्पट होतो, आणि मग कठड्यावर बसून हाताच्या पाठीने गाल दाबीत एकेक दाणा सावकाश तोंडात आणते. मोटारी थांबतात, खिडक्या उघडतात, केळी आणि वेफर बाहेर येतात. जुन्या जकातनाक्यावरचा अंमलदार तरी पावती देत असे. अशा आयत्या अन्नाला चटावलेल्या टोळ्या रानातील उंबर-जांभूळ सोडून रस्त्याकाठी मुक्काम ठोकतात, आणि भरधाव ट्रकखाली त्यांची पिल्ले सापडतात. वनखात्याने खाऊ घालू नये असे फलक लावले आहेत, ते वाचणाऱ्यांच्याही हातात पुडी असतेच. दंड व्हावयाचाच, तर तो खिडकीतून बाहेर आलेल्या हातास व्हावा. माकडाने हातातले घेतले, इतकेच.