तारमास्तराचे गणित

आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. ही घटना तत्क्षणी घडली असे आपल्याला वाटते. परंतु तेवढ्या निमिषात तारेतील प्रवाह शून्यापासून चढत जाऊन स्थिरावलेला असतो. तो कसा चढला हे सांगणाऱ्या समीकरणात प्रवाहाबरोबर त्याच्या बदलाचा वेगही गुंतलेला असतो. अशी समीकरणे सोडविण्याची जी युक्ती आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवितात, तिला लाप्लास रूपांतर म्हणतात.

लाप्लास हा फ्रेंच गणिती १८२७ साली निवर्तला. त्याने अशी संकलने संभाव्यतेच्या विचारात वापरली होती. विजेच्या मंडलांशी त्याचा काही संबंध नव्हता. तिकडे वाट पाडली ती ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज तारमास्तराने. १८५० साली लंडनमध्ये तो जन्मला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, ऐकू कमी येई, आणि १८७४ साली त्याने नोकरीही सोडली. पुढचे सारे अध्ययन घरच्या घरी झाले.

लांबच्या तारेतून जाणारे संकेत पसरट होऊन एकमेकांत का मिसळतात, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर काढताना त्याने एक धाडस केले. ‘बदलाचा वेग काढा’ या क्रियेलाच त्याने एक अक्षर दिले आणि ते अक्षर साध्या संख्येप्रमाणे गुणले, भागले. लॉगरिथममुळे गुणाकाराची बेरीज होते, तसे येथे कलनाचे बीजगणित झाले.

एक उदाहरण घेऊ. १० व्होल्टची बॅटरी, ५ ओहमचा रोध आणि १० हेन्रीचे वेटोळे एका मंडलात जोडले. रूपांतर केले की बीजगणिताच्या दोन पायऱ्यांत अज्ञात राशी सुटी होते; तिचे दोन सोपे अपूर्णांक पाडून उलट रूपांतर केले की उत्तर हाती येते. प्रवाह २ अँपिअरकडे चढत जातो आणि २ सेकंदांनी सुमारे १.२६ अँपिअरला पोचतो. आरंभीची स्थिती पहिल्याच पायरीला समीकरणात सामावते. मात्र समीकरण एकघाती असले पाहिजे. एरवी ही किल्ली चालत नाही.

हेविसाइडची उत्तरे बरोबर येत. सिद्धता मात्र नसे. रॉयल सोसायटीने १८९१ साली त्याला सदस्य केले, १८९३ साली या पद्धतीवरील त्याचे निबंधही छापले. परंतु पुढचा भाग परीक्षकाच्या आक्षेपावरून परत पाठविला. गणितज्ञांची हरकत अगदीच अनाठायी नव्हती. पद्धत कोठे चालेल आणि कोठे फसेल, हे नुसत्या यशावरून कळत नाही. पण दार लावून घेतल्याने प्रश्न सुटला नाही. केंब्रिजच्या ब्रॉमविचने १९१६ साली या पद्धतीला भक्कम पाया दिला. १९३७ साली जर्मन गणिती डॉएट्श याचा लाप्लास रूपांतरावरील ग्रंथ निघाला, आणि पद्धत लाप्लासच्या नावाने रूढ झाली.

हेविसाइड १९२५ साली वारला. वातावरणात विद्युत्भारित थर असावा, असे त्याने आणि अमेरिकेत केनेलीने १९०२ साली सुचविले होते. रात्री दूरच्या केंद्राचा आवाज आपल्या रेडिओवर येतो, तो अशाच थरांवरून परतून. त्यांपैकी एका थराला दोघांचे नाव मिळाले. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते, त्याचे नाव इतरांना दूरचे ऐकविणाऱ्या थराशी जोडले गेले.