गुटी : एका डाळिंबाचा इतिहास

उन्हाळा सरत आला की मांजर्लीच्या आसमंतात जांभळाचे दिवस येतात. बदलापूरच्या जांभळांची कीर्ती आपणांस सांगावयास नको. परंतु शेजारशेजारच्या दोन बीजू झाडांची फळे सहसा सारखी नसतात. बीजातून निसर्ग दरवेळी नवा डाव मांडतो. मग आवडलेले झाड जसेच्या तसे राखावे कसे? या प्रश्नाला माणसाने दिलेले उत्तर म्हणजे कलम. मूळच्या अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ लेखणी. बोरूप्रमाणे फांदीलाही छेद द्यावा लागतोच.

द्राक्ष, अंजीर यांची फांदी तोडून मातीत रोवली तरी ती मुळे धरते. हे छाट कलम. फांदी वाकवून जमिनीत दाबली की दाब कलम. पण फांदी जमिनीपर्यंत वाकत नसेल, तर मातीच फांदीपर्यंत न्यावी लागते, तीच गुटी. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची सुमारे इंचभर साल वर्तुळाकार काढतात. पानांत तयार झालेले अन्न सालीवाटे खाली उतरत असते. ते तेथे अडते आणि ओलावा मिळताच त्या जागी मुळे फुटतात. पूर्वी शेणमातीचा गोळा लावून वर गोणपाट गुंडाळीत व छिद्र पाडलेल्या मडक्यातून थेंब थेंब पाणी देत. आज ओले शेवाळ आणि प्लॅस्टिकचा कागद हेच काम करतात.

महाराष्ट्राच्या डाळिंबाचा इतिहास या गुटीत साठवलेला आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी 1936 साली ‘आळंदी’ वाणातून मऊ बियांचे एक झाड निवडले. 1970 साली त्या वाणाला ‘गणेश’ हे नाव मिळाले. त्याच्या फांद्या गुटीने दुष्काळी भागांत पोहोचल्या आणि माळरानावर फळबागा उभ्या राहिल्या. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘भगवा’ वाणाचा प्रसारही याच मार्गाने झाला. वस्तुतः एका वाणाच्या हजारो बागा म्हणजे एकाच झाडाचा विस्तार होय.

परंतु सारखेपणाला किंमत मोजावी लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने कित्येक बागा उद्ध्वस्त केल्या. त्याचे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून, आणि रोगट झाडाची गुटी बांधली तर तिच्यातूनही पसरतात. एक झाड ज्याला बळी पडते, त्याला त्याची सारी भावंडे बळी पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षमळ्यांवर मुळांतील रस शोषणारी कीड आली, तेव्हाही असाच अनर्थ ओढवला. मात्र त्यांना तारले तेही कलमानेच. अमेरिकेतील काटक द्राक्षवेलींच्या मुळांवर युरोपीय वेलींची कलमे बांधण्यात आली.

म्हणून दोष कलमाला देऊन चालणार नाही; दोष आहे तो मातृवृक्ष न पारखण्याचा. सोलापूरला 2005 साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. गच्चीवरच्या कुंडीसाठी रोप घेतानाही, ‘हे कोणत्या झाडाचे?’ एवढे आपण विचारावे. आणि बीजू झाडांना सरसकट निरुपयोगी ठरवू नये. कलम मिळालेले राखते. नवे मात्र बीजच देते. ‘गणेश’चे पहिले झाडही अशा वेगळेपणातूनच हाती लागले होते.