जठरनिर्गम संकोच (तान्ह्या बाळांतील)

जठराच्या आतड्याकडील तोंडाचा वर्तुळाकार स्नायू जाड होऊन दुधाची वाट अरुंद होण्याचा विकार, पायलोरिक स्टेनोसिस. बहुधा वयाच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उघडकीस येतो. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या चौपट-पाचपट. भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो, असे मानतात. कारण अनिश्चित.

निदान : पाजल्यावर थोड्याच वेळात दूध जोराने लांब उडते. उलटीत पित्त नसते. हिरवी उलटी झाल्यास अडथळा बहुधा खाली असतो व ती तातडीची बाब ठरते. ओकल्यावर बाळ लगेच भुकेने रडते. ‘बाळं दूध टाकतातच’ या समजुतीत दिवस जातात, वजन घटते, टाळू खोल जाते. बाळ शांतपणे पीत असताना उजव्या बरगडीखाली बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. सोनोग्राफीत स्नायूची जाडी ३ मिमी. किंवा अधिक व मार्गाची लांबी साधारण १५ मिमी.हून जास्त भरते. सोनोग्राफी सुलभ झाल्यापासून गाठ चाचपण्याचा सराव मागे पडला, हे हितावह नाही.

उपचार : उलट्यांतून आम्ल जाते, रक्तातील क्लोराइड व पोटॅशियम घटून रक्त अल्कधर्मी होते. त्याच स्थितीत भूल दिल्यास नंतर श्वास थांबण्याचा धोका असतो. म्हणून आधी सलाइन, लघवी सुरू झाल्यावर पोटॅशियम, आणि रक्ततपासणी सुधारल्यावरच शस्त्रक्रिया. त्यासाठी एक-दोन दिवस थांबणे योग्यच. जर्मन शल्यविशारद कोनराड रामस्टेट यांनी २३ ऑगस्ट १९११ रोजी स्नायू उभा छेदला व कडा आडव्या शिवू पाहिल्या. टाके स्नायूतून सुटले. १९१२ मधील दुसऱ्या बाळात त्यांनी छेद उघडाच ठेवला. आतील अस्तर अभंग ठेवून स्नायू फाकवण्याची हीच पद्धत आजही प्रमाण आहे. अस्तराला छिद्र पडून ते लक्षात न येणे, ही यातली गंभीर चूक. बाळ काही तासांतच पुन्हा दूध घेऊ लागते. नंतरच्या एखाद-दोन उलट्यांना घाबरू नये.

ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारेही करतात. शस्त्रक्रियेऐवजी ॲट्रोपीन या औषधाचा पर्याय मर्यादित.

नाशिक जिल्हा : दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाकडे आशा स्वयंसेविकेच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. शेवटच्या तीन याच विकाराच्या वयात येतात. तेव्हाचे वजन पाहावे. सुरगाणा, पेठ भागातून बाळ नाशिकला हलवताना जठरात नळी व शिरेतून सलाइन चालू असावे.