वहाणांचा पहिला धडा

पायांतील वहाण ही मनुष्याच्या नित्य उपयोगाची वस्तू. तिच्यावाचून शेतकऱ्याला काट्याकुट्यांचे रान तुडवता येत नाही आणि वाटसरूला मजल गाठता येत नाही. असे असूनही ती घडविणाऱ्या हातांना आपल्या देशात शतकानुशतके मान मिळाला नाही. सुतार, लोहार, कुंभार हे गावाच्या आत राहिले; मेलेले जनावर ओढणारा आणि कातडे कमावणारा मात्र गावकुसाबाहेर राहिला. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे गेली. बाहेरचा कोणी ती शिकण्यासाठी त्याच्या दारी विद्यार्थी म्हणून सहसा गेला नाही. या पार्श्वभूमीवर, विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत एका नामांकित स्थापत्यकाराने घर सोडून दूरच्या मठात जावे, तेथे वहाणा शिवण्याचे प्राथमिक शिक्षण घ्यावे, आणि परत आल्यावर ते एका हिंदी बॅरिस्टरला द्यावे, ही घटना दिसायला लहान असली तरी विचार करण्याजोगी आहे.

हा स्थापत्यकार म्हणजे हर्मन कॅलनबाख. तो जर्मन यहुदी होता. जोहान्सबर्गमध्ये त्याचा व्यवसाय उत्तम चालत असे आणि राहणी सुखवस्तू होती. महात्मा गांधींचा सहवास घडल्यावर त्याच्या जीवनक्रमाला निराळे वळण लागले. ट्रान्सवालमधील सत्याग्रह लांबत चालला होता. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींच्या कुटुंबांचा चरितार्थ चालविणे कठीण झाले होते. अशा वेळी, १९१० सालच्या मे महिन्यात, कॅलनबाखने जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवर असलेली आपली ११०० एकर जमीन या कुटुंबांच्या उपयोगासाठी विनामूल्य दिली. त्या शेताला टॉल्स्टॉय यांचे नाव देण्यात आले.

हे नाव केवळ आदरापोटी दिलेले नव्हते. टॉल्स्टॉय यांच्या विचारांचा गाभाच असा होता की, ज्याने अन्न खावे त्याने अंगमेहनत करावी, आणि ज्याने जोडा घालावा त्याला जोडा कसा होतो हे ठाऊक असावे. १८८० नंतरच्या दशकात, जगभर कीर्ती झालेली असताना, त्यांनी मॉस्को येथील आपल्या घरात एका चांभाराकडून बूट शिवण्याचे धडे घेतले होते. त्यांनी केलेला एक जोड कवी अफानासी फेत यांनी सहा रूबल देऊन विकत घेतला आणि तसा लेखी दाखलाही दिला. दुसरा जोड त्यांच्या जावयाने कपाटात त्यांच्या ग्रंथांच्या बारा खंडांशेजारी ठेवला आणि त्याला तेरावा खंड म्हटले. हा विनोद झाला; परंतु टॉल्स्टॉय यांच्या दृष्टीने ग्रंथ लिहिणे आणि बूट शिवणे यांत उच्चनीच भेद असू नये, हे खरेच होते.

टॉल्स्टॉय फार्मवर नोकर ठेवावयाचे नाहीत असा नियम होता. स्वयंपाक, सफाई, सुतारकाम, शेतकाम ही सर्व कामे तेथे राहणाऱ्यांनीच करावयाची असत. स्वतःच्या कामासाठी शहरात जाणाऱ्याने पायीच जावे, असाही दंडक होता. पहाटे दोन वाजता उठून अडीच वाजता निघावे आणि दिवस वर येण्याच्या सुमारास जोहान्सबर्ग गाठावे, असा क्रम असे. इतके चालणाऱ्या माणसांना पायताण हवेच. ते विकत आणावे तर खर्च, आणि स्वतः करावे तर विद्या हवी. ती विद्या शिकण्यासाठी कॅलनबाख प्रवासाला निघाला.

तो गेला तो नाताळ प्रांतात, डर्बनच्या बाजूला, पाइनटाउनजवळील मारियानहिल येथील कॅथलिक मठात. फ्रान्झ फानर नावाच्या धर्मगुरूने १८८२ साली हा मठ स्थापिला होता. तेथील जर्मन साधू ट्रॅपिस्ट परंपरेतले. मौन, साधा आहार आणि अखंड श्रम ही त्यांची व्रते. १९०९ साली हा मठ त्या पंथापासून वेगळा करण्यात आला होता, तरी जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले. गांधीजींना ही जागा नवी नव्हती. १८९५ साली त्यांनी मारियानहिलला भेट देऊन लंडनच्या शाकाहारी मंडळींच्या पत्रात तिचे वर्णन लिहिले होते. लोहारकाम, सुतारकाम, कातडी कमावणे, जोडे शिवणे अशा अनेक कर्मशाळा त्यांनी तेथे पाहिल्या. आणि आफ्रिकी मुलांना तेथे वर्णद्वेष न बाळगता शिकविले जाते, याची विशेष नोंद केली. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेली ती कर्मशाळा आता उपयोगी पडली.

वहाण करणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. तळ कापावा, पट्टे बसवावे, म्हणजे झाले, असे नवशिक्याला वाटते. परंतु चामडे हे कापडासारखे सर्वत्र सारखे नसते. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल व ताणणारा असतो. तळासाठी पहिला घ्यावा लागतो, दुसरा घेतल्यास वहाण आठवड्याभरात पसरते. पाऊल कागदावर ठेवून त्याची आखणी करावयाची. पट्टा कोठे बसवावयाचा त्या जागा नेमक्या खुणवावयाच्या. रापीने एका ओढीत कापावयाचे, कारण दोनदा चालविलेली रापी कड खराब करते. मग आरीने समान अंतरावर भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालावयाचे. टाका सैल राहिला तर तो चालताना उसवतो, फार ओढला तर चामडे फाटते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. तो शिकविणाऱ्याच्या हाताकडे पाहून आणि स्वतःच्या हाताने चुकूनच येतो. म्हणूनच शहरात मोठमोठ्या इमारतींचे आराखडे काढणाऱ्या माणसालाही मठातील कारागिरासमोर नवशिका म्हणून बसावे लागले.

कॅलनबाख शिकून परत आला आणि गांधीजी त्याचे शिष्य झाले. पुढे गांधीजींनी ही विद्या फार्मवरील इतरांना दिली; आणि आपले काही विद्यार्थी आपल्याला सहज मागे टाकून गेले, असे त्यांनीच सत्याग्रहाच्या इतिहासात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. तयार वहाणा मित्रमंडळींना विकल्या जात. १९११च्या सुमारास मगनलाल गांधींना लिहिलेल्या एका पत्रात ते कळवितात की, हल्ली बराच वेळ वहाणा करण्यात जातो, सुमारे पंधरा जोड झाले आहेत. हव्या असल्यास माप पाठवावे, आणि अंगठ्याच्या व करंगळीच्या बाहेरच्या बाजूस पट्ट्याच्या जागा खुणवून द्याव्या. काठेवाडच्या वैश्य कुळात जन्मलेल्या माणसाने चामड्याला हात लावणे हेच त्या काळी विटाळाचे मानले जाई. येथे तर तो पुतण्याकडे गिऱ्हाइकाप्रमाणे माप मागत होता.

या वहाणांपैकी एक जोड इतिहासात राहिला. तुरुंगात असताना गांधीजींनी तो केला आणि १९१४ साली आफ्रिका सोडताना ज्याच्याशी त्यांनी इतकी वर्षे झुंज दिली त्या जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त १९३९ साली परत पाठविला. एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचे उद्गारही त्यांनी त्या प्रसंगी लिहिले.

ही कथा येथेच संपविली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. कॅलनबाखला चामड्याचे काम निवडता आले. टॉल्स्टॉय यांनाही आले. त्यांना ते सोडताही आले असते. हिंदुस्थानात हेच काम ज्यांच्याकडे जन्माने आले, त्यांना ते निवडण्याचा प्रश्नच नव्हता आणि सोडण्याची मुभा नव्हती. हौसेने शिकलेल्या विद्येचे कौतुक होते आणि वारशाने आलेल्या त्याच विद्येचा विटाळ होतो, हा भेद चामड्यात नव्हता; समाजात होता.

गांधीजींना याची जाणीव झाली होती. १९३४ साली त्यांनी 'हरिजन' पत्रात खेड्यातील चर्मोद्योगाचा विचार मांडला. दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते आणि त्यातील बरेच तयार वस्तूंच्या रूपाने परत येते, असा अंदाज देऊन त्यांनी या हानीचे मूळ शोधले. ज्यांच्या हाती हा धंदा होता त्यांना दूर लोटल्यामुळे शिक्षण आणि शास्त्र त्या धंद्याकडे फिरकले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे नीट सोडवावे, शास्त्रशुद्ध रीतीने कमवावे आणि त्याच्या वस्तू कराव्या, हे काम उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या तरुणांनी तेथे शिकावे अशी अपेक्षा होती. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून अन्नत्याग केला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात हलकी मानलेली कामे त्यांनी अंगावर घेतली.

याच सुमारास शांतिनिकेतनच्या परिसरात आणखी एक प्रवासी विद्या रुजली. रथींद्रनाथ ठाकूर आणि प्रतिमादेवी यांनी युरोपच्या प्रवासात चामड्यावर ठसे उठविण्याचे व रंगकामाचे तंत्र आत्मसात केले, आणि १९२२ साली स्थापन झालेल्या श्रीनिकेतनमध्ये त्याचे शिक्षण आसपासच्या कारागिरांना मिळू लागले. नक्षीदार पिशव्या, पाकिटे, पुस्तकांची वेष्टने सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात मानाने जाऊन बसली. चामडे घरात आले; ते कमावणारा मात्र बहुतेक ठिकाणी दाराबाहेरच राहिला.

दाराबाहेर राहिलेल्या या माणसाच्या बाजूने सर्वांत स्पष्ट बोलले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७च्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत त्यांनी आपल्या समाजाला मृत मांस टाकून देण्यास सांगितले. मेलेली जनावरे ओढण्याचे लादलेले काम सोडून देण्याची चळवळही त्यांनी चालविली. त्यावर, हे काम सोडल्याने कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब काही शहाण्यांनी मांडला. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या हिशेबाचा समाचार घेतला. काम इतके फायद्याचे असेल तर सल्ला देणाऱ्यांनीच ते करावे आणि तो फायदा घ्यावा, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न उत्पन्नाचा नव्हता, माणुसकीचा होता. काम थोर आहे असे सांगून माणसाला त्याच कामाशी बांधून ठेवणे, हा गौरव नव्हे.

गांधीजींचा मार्ग आणि बाबासाहेबांचा मार्ग येथे वेगळे होतात, आणि ते एक होते असे दाखविण्याचे कारण नाही. एकाने वरच्यांना खाली बसून काम शिकावयास सांगितले. दुसऱ्याने खाली दडपलेल्यांना उठून उभे राहावयास सांगितले. परंतु दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. कोणतीही विद्या तिच्यापाशी येण्याची आणि तिच्यापासून जाण्याची वाट सर्वांना मोकळी असेल, तरच प्रतिष्ठा पावते.

स्वातंत्र्यानंतर ही वाट काही अंशी मोकळी झाली. १९४८ साली मद्रासमध्ये चर्मसंशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि कातडे कमावणे हा रसायनशास्त्राच्या अभ्यासाचा विषय बनला. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. मुंबई राज्यात १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ कायद्याने संपली. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांची वस्तू म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कायद्याने दिलेला मान आणि शेजाऱ्याने दिलेला मान यांत अजून अंतर आहे, हे नाकारता येणार नाही.

आज प्रवासाला गेलेला सुशिक्षित माणूस एखाद्या शहरात दोन दिवस थांबून चामड्याचे पाकीट किंवा पट्टा करावयास हौसेने शिकतो. हे चांगलेच आहे. कॅलनबाखनेही असाच प्रवासात पहिला धडा घेतला होता. मात्र परतताना त्याने तयार वहाणेबरोबर शिकविण्याची जबाबदारीही आणली, आणि त्याच्या शिष्याने पुढे, ही विद्या ज्यांच्या घरची आहे त्यांना आपण दूर का ठेवले, हा प्रश्न स्वदेशी येऊन विचारला. ज्याने एकदा स्वतः आरी धरली आणि आपला वाकडा टाका पाहिला, त्याला रस्त्याच्या कडेला बसून सरळ टाका घालणाऱ्या कारागिराची योग्यता कळावयास हवी. त्याच्याशी गुरूशी बोलावे तसे बोलणे, त्याच्या श्रमाचे पुरते मोल देणे, आणि त्याच्या मुलाला हा धंदा करण्याचे वा न करण्याचे स्वातंत्र्य मान्य करणे, एवढे घडले तर मारियानहिलच्या कर्मशाळेत सुरू झालेला तो धडा आपल्याकडे पुढे चालू राहिला असे म्हणता येईल.