दक्षिणेंत आलेली चिनी मुळी

सांधेदुखीवर चिनी वैद्य एक पट्टी वापरीत आले आहेत. वनस्पतींचा अंश तिळाच्या तेलांत उतरवून त्यांत शेंदूर कढवावयाचा, आणि तें काळें, चिकट मलम कापडावर पसरून दुखऱ्या सांध्यावर बसवावयाचें. (मारुतीस चढतो तोच हा शेंदूर!) औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मुलखास अशा पट्टीची गरज नव्हती. निर्गुडीचा शेकलेला पाला व एरंडाचें पान परसांतच मिळे. सुश्रुतानें स्वेदनाच्या चार प्रकारांत सांगितलेला उपनाह वैद्यांस ठाऊक होता, आणि हकिमांचा जिमाद हाही लेपच.

चीनकडून आली ती मात्र पोटांत घ्यावयाची मुळी. फारसींत चोब-ए-चीनी, म्हणजे चिनी लांकूड, मराठींत चोपचिनी. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर प्रसिद्धीस आली. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत गार्सिया द ऑर्ता यानें तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. हा ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करी. दौलताबाद तेव्हां निजामशाहींत होतें, आणि त्याच राज्याच्या मलिक अंबरानें १६१० मध्यें जवळच खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद झालें.

तिकडे युरोपांत पांचव्या चार्ल्स बादशहास वातरक्तावर याच मुळीचा काढा दिला गेला. वेसालियस या शारीरशास्त्रज्ञानें १५४६ मध्यें तिच्यावर प्रसिद्ध केलेल्या पत्रांत मात्र तिची फारशी थोरवी मानली नाहीं.

मग सांधेदुखीवर तिची एवढी ख्याती कां झाली? याचा एक धागा भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त सांपडतो. चोपचिनीस त्यानें ‘द्वीपांतरवचा’ असें संस्कृत नांव दिलें आणि तिचें चूर्ण मधाबरोबर सांगितलें तें फिरंगरोगावर. हा रोग शरीरांत खोल गेला म्हणजे सांध्यांत आमवातासारखी वेदना व सूज उत्पन्न करतो, असें तोच लिहितो. ज्यांचे सांधे या रोगानें धरले होते, त्यांना उतार पडला असें वाटतांच ही मुळी सर्वच सांधेदुखीचें औषध ठरली असावी. नांवाजलेल्या औषधांच्या बाबतींत असें पुष्कळदां घडतें.

पथ्य कडक होतें. मीठ वर्ज्य! तथापि भावमिश्रास रोग्याची जीभही ठाऊक असावी. ज्याला मीठ सोडवत नाहीं त्यानें सैंधव खावें, अशी सवलत त्यानें लगेच पुढच्या श्लोकांत दिली आहे.